हळर्णच्या माळ्यावरची फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. मधोमध फुगलेली, खालून काळी पडलेली. माझ्या या अवस्थेवरून एका बहिणीनं सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं, त्याची ही गोष्ट.

माझं आयुष्य हळर्णच्या एका घरात, माळ्यावर भाताची पोती पेलण्यात गेलं. गोवा घटक राज्य झालं, त्यानंतर चार-पाच वर्षांनी घरातली वडीलधारी माणसं गेली आणि सगुण घरचा कर्ता झाला. त्याची धाकटी बहीण सरस्वती डिचोलीला दिलेली. ती मुलींना नाच शिकवायची. काँक्रीटवर नाचून मुलींचे गुडघे दुखतात, म्हणून तिला नव्या खोलीत लाकडी जमीन हवी होती. सगुणनं आम्हा फळ्यांना टेंपोत घालून तिच्याकडे पाठवलं.

खोलीतलं काँक्रीट ऐन पावसात ओतलेलं होतं. सुतारकामाला आलेल्या कृष्णनाथ मेस्तांनी त्यावर प्लास्टिकचा तुकडा कडा चिकटवून ठेवला. सकाळी त्याच्या आतून थेंब धरलेले दिसले.

"पात्रांव, जमीन अजून ओली आहे. दिवाळीनंतर बसवूया," मेस्त म्हणाले.

हा पात्रांव, म्हणजे घरमालक, सरस्वतीचा नवरा रघुनाथ समोर उभा होता. दसऱ्याच्या उद्घाटनाची आमंत्रणं त्यानं गावभर दिली होती. "चार थेंबांनी काय होतं? बसवा!" त्यानं प्लास्टिक ओढून काढलं आणि चुरगळून फेकलं. सरस्वती तेव्हा घरात नव्हती. त्यानं नंतरही तिला काही सांगितलं नाही.

दसरा थाटात झाला. माझं कोण कौतुक! आलेला प्रत्येक जण चपला काढून माझ्यावरून हात फिरवत होता. पण काँक्रीटमधलं पाणी हळूहळू माझ्या अंगात शिरत होतं. मी फुगले. शेजारणींना जागा पुरेना, तशी मी मधोमध वर उचलले गेले. एके दिवशी अंकिता नावाची मुलगी गिरकी घेताना मला अडखळली आणि तिचा पाय मुरगळला.

सरस्वतीच्या मनात संशयाचा किडा शिरला तो त्या दिवशी. 'टेंपो भरताना मी तिथं नव्हते. चांगलं सागवान दादानं ठेवून घेतलं. मला गाळसाळ धाडली.' हेच तिनं बोलूनही दाखवलं, तेव्हा रघुनाथ ऐकत होता आणि खाली मान घालून चहा पीत होता. भाऊबीजेला सगुण यायचा होता. "येऊ नको," असा तिनं निरोप धाडला.

तरी तिचा राग शमेना. मेस्तांकडून तिनं मला उचकटून घेतलं, कापडात गुंडाळलं आणि बसनं थेट हळर्ण गाठलं.

"काय गो, अशी अचानक?" सगुण उठून उभा राहिला.

"दादा, ही बघ तू दिलेली लाकडं! चांगल्या फळ्या खंय ठेवल्यास?"

 सगुणनं फक्त वर पाहिलं. तिनंही पाहिलं. माळ्यावर एकही फळी उरली नव्हती. माडीच्या, म्हणजे पोफळीच्या, पट्ट्या बांधून त्यावर कशीबशी पोती ठेवली होती. अर्धी पोती खालीच, भिंतीशी रचलेली.

"अर्ध्या फळ्यांत तुझी खोली भरत नव्हती," तो म्हणाला. मग मला उलटं करून त्यानं बोट फिरवलं. "सरू, ही खालसून भिजलीय गो. वरून पाणी सांडलं असतं, तर वर डाग पडला असता."

सरस्वतीनं भिंतीशी रचलेल्या पोत्यांवर हात ठेवला. 'माझ्या भावानं पोती जमिनीवर ठेवली आणि मी त्याला चोर ठरवलं.'

मला घेऊन घरी येताच तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, ही जमीन ओली होती का?"

रघुनाथनं नजर चुकवली, मग खरं सांगून टाकलं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच उरलेल्या साऱ्या फळ्या उचकटून माझ्यासोबत पडवीत वाळत रचल्या. जमीन उन्हाळ्यापर्यंत सुकू दिली. मग मेस्तांनी प्लास्टिक अंथरलं आणि भिंतीशी बोटभर फट सोडून माझ्या बहिणींना पुन्हा बसवलं. मी मात्र सरळ झाले नाही. दाराशी माझं बाकडं झालं.

नव्या जमिनीवरचा पहिला तास पाहायला सगुण आला, तो आत न येता माझ्यावरच बसून राहिला. सरस्वती बाहेर आली.

"दादा, आत ये."

"माझे पाय मातीनं भरलेत गो."

तिनं तांब्याभर पाणी आणलं, त्याचे पाय धुतले, आपल्या पदरानं कोरडे पुसले आणि हाताला धरून त्याला आत नेलं.

मित्रांनो, लाकूड असो वा माणूस, वरून बघून कोणाला दोष देऊ नका. आधी उचलून खाली ओल कुठली आहे ते बघा. आणि कोणाला ती ओल ठाऊक असेल, तर त्यानं वेळेवर बोलावं. मला बोलता येत नव्हतं. रघुनाथला येत होतं.