आखाजीचा रस

"शरीरात इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. हे बहुधा घराण्यातून येतं. माहेरी कुणाला साखर आहे?" धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

कमलबाईचा पारा चढला. "माझं असोद्याचं माहेर ठणठणीत! हे दुखणं सासरच्या गोडमिट्ट चहाचं." त्याच चहावर वाढलेला तिचा नवरा झुलाल मात्र धडधाकट होता. तरी त्या दिवसापासून त्याच्याही चहातली साखर बंद झाली.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, दोघं असोद्याला गेले. पंगतीत आमरस आला. माहेरच्यांना कळू नये म्हणून कमलबाईने हळूच कनवटीची गोळी काढली. शेजारी थोरला भाऊ भिकन बंडीचा खिसा चाचपत होता. पलीकडे थोरली बहीण तानुअक्का पदराची गाठ सोडत होती. तिघांच्या हातात तीच पांढरी गोळी!

"तुले बी?" भिकन म्हणाला, आणि तिघं पोट धरून हसले.

हसू ओसरल्यावर कमलबाईने आपली वाटी झुलालपुढे सरकवली. मागोमाग भिकनची आली, अक्काचीही आली. झुलालने साऱ्या वाट्या चाटूनपुसून फस्त केल्या आणि ढेकर दिली.

"माहेरचा रस झकास. उद्याचा चहा मात्र सासरचा कर!"