चाळीस नंबर

"बोटं मोजा," कॉलरसाहेब म्हणाले. वरचं बटण लावून त्यांनी कॉलरच्या आत चार बोटं घातली. "चार. ही कॉलर आहे की बादली?"

दुकानातल्या म्हाताऱ्या सेल्समनने काउंटरवरून वाकून पाहिलं. "काय बोलू साहेब, मलाच लाज वाटते. पूर्वीचं काही राहिलं नाही. द्या, बदलून देतो."

वर्षभरात परत आलेला हा तिसरा शर्ट होता आणि सेल्समनने एकदाही नाक मुरडलं नव्हतं.

कॉलरसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसणाऱ्या या माणसाची कॉलर सुटायच्या वेळीही सकाळसारखी ताठ असायची, म्हणून सहकाऱ्यांनी ते चिकटवलं होतं. खिशावर छोटी होडी शिवलेला शर्ट त्यांनी पहिल्या पगारात घेतला आणि पुढे दुसऱ्या कंपनीचा शर्ट अंगाला लागू दिला नाही. चाळीस नंबर, फिकट रंग, पूर्ण बाही. बायको त्या कंपनीला 'यांची कंपनी' म्हणायची, तेही इतक्या सहज की शेजारच्यांना बरीच वर्षं ते तिथेच नोकरीला आहेत असं वाटत होतं.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी होडी तेवढी ठेवली, बाकी सगळं बुडवलं. कापड विरळ झालं, दुसऱ्या धुण्यात बटणं हातात येऊ लागली. कॉलरसाहेबांना ते सख्ख्या भावाने फसवावं तसं लागलं. त्यात आता मापही बिघडलं म्हटल्यावर त्यांचं डोकंच फिरलं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकलेल्या माणसाला तक्रार कशी लावून धरायची हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

"अहो, पँटही सैल झालीय," कमरेचा हुक आत घेता घेता बायको म्हणाली. "ती कुठे होडीची आहे?"

"सगळेच चोर झालेत. वाटेल तसं कापतात."

"आणि पट्ट्याला नवं भोक पाडून आणलंत ते?"

"कातडं आहे ते. ताणतं."

"आणि ताटात निम्मं टाकून उठता ते?"

"ऑफिसात चहा फार होतो गं. किती उलटतपासणी घेशील?"

खरं तर त्यांच्या चिडण्याने तिला बरंच वाटायचं. आजारी माणूस इतक्या हिरिरीने भांडतो का? एवढा आवाज चढतोय म्हणजे सगळं ठीक आहे, असं ती स्वतःला समजवायची. तरी भांडी घासताना मध्येच तिचा हात थांबायचा.

एका रविवारी त्यांनी स्टूल ओढलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जुना शर्ट काढला. "तुला दाखवतोच खरा चाळीस नंबर कसा असतो ते. जुन्या कंपनीचा आहे. कापड बघ, हात लावून बघ."

कापड खरंच जाड होतं, रंगही उतरला नव्हता. शेवटचा घातला तेव्हा पोटावरची बटणं ताणायला लागली होती, म्हणूनच तो वर गेला होता. कॉलरसाहेबांनी तो चढवला, सगळी बटणं लावली आणि मोठ्या ऐटीत आरशाकडे वळले.

खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. पोटाशी कापडाच्या चुण्या पडल्या होत्या आणि कॉलरमधून मान काठीसारखी वर आली होती. त्यांनी सवयीने कॉलरमध्ये बोटं घातली, आणि लगेच काढून घेतली.

बायको मागे उभी होती. आरशात दोघांची नजर भेटली.

"धुऊन धुऊन सैल झाला असेल," ती घाईने म्हणाली.

"नाही," ते म्हणाले. "हे कापड सैल होत नाही."

"वजन कधीपासून उतरतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कंपनी विकली तेव्हापासून," बायको बोलून गेली. डॉक्टरांना काही कळलं नाही, आणि समजावून सांगण्याचं त्राण तिच्यात नव्हतं.

तपासण्या झाल्या. डॉक्टर टेबलाच्या काचेकडे पाहत बोलले. वर्षभर आधी आला असतात, तर काहीतरी हातात होतं. बायकोला त्या होडीची किळस आली, गोड बोलून शर्ट बदलून देणाऱ्या सेल्समनची आली आणि सगळ्यात जास्त स्वतःची. रोज कपडे धुणारी, हुक सरकवणारी तीच तर होती. रिक्षात ती रडली. कॉलरसाहेबांनी तिचा हात धरला.

पुढच्या आठवड्यात ते तिला घेऊन दुकानात गेले. त्यांना पाहताच सेल्समन लगबगीने पुढे आला.

"साहेब, या वेळी मी कंपनीला चांगलं धारेवर धरलंय. माप चुकतंय म्हणून तुमच्या वतीने सरळ वरच कळवलं."

"त्यांना सांगा, तक्रार मागे घेतली."

"अहो, का म्हणून? सोडायचं नाही त्यांना!"

"माप बरोबर होतं. चूक माझी." ते काउंटरला टेकले. "छत्तीस नंबर दाखवा. फिकट निळा असला तर बघा."

सेल्समनने पहिल्यांदाच शर्टाऐवजी शर्टातल्या माणसाकडे नीट पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती रस्त्याकडे बघत होती. काही न विचारता त्याने छत्तीसचा काढला, घडी उलगडली आणि खोटं बोलायला नको म्हणून म्हणाला, "कापड मात्र साधंच आहे हो, साहेब. वर्षभर जेमतेम टिकेल."

"चालेल," कॉलरसाहेब म्हणाले.

सेल्समनने मान खाली घातली. घडीतल्या टाचण्या तो एकेक करून काढू लागला आणि सगळ्या निघाल्यावरही, एखादी राहिली तर टोचेल म्हणून, कॉलरच्या आतून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिला.