मॅन्युअलमधली दटावणी

सातासमुद्रापलीकडे, रिंगास्किडी गावातल्या औषध कारखान्यात पूर्णिमाच्या लाल पेनाला लोक टरकून असत. टाकी कशी धुवायची, यंत्र कसं बंद करायचं, याच्या लेखी सूचना तिच्या टेबलावरून पुढे जात. एखादं वाक्य गुळमुळीत निघालं की ती लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारी, "हे करायचंच आहे, की मनात आलं तर करायचं?" समोर मॅनेजर असो नाहीतर त्याचाही मॅनेजर, तिला फरक पडत नसे. अशी ही बाई शेजारच्या एका म्हातारीपुढे मात्र कित्येक शनिवार नंदीबैलासारखी मान डोलवत बसली, आणि त्याची झळ लागली ती थेट देवगडला.

देवगडला पूर्णिमाच्या चित्रामावशीचं औषधांचं दुकान आहे, दुकानामागेच घर. तिथली वीज लहरी आणि मावशीच्या फ्रीजमध्ये इन्शुलिन. फ्रीज गरम व्हायला लागला की मोठ्याने भोंगा वाजावा म्हणून पूर्णिमाने तिच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. स्वस्तातला एक सेन्सर फ्रीजमध्ये ठेवायचा, वायर जुन्या लॅपटॉपला जोडायची, बस. नाव ठेवलं 'हुडहुडी'. मग तिने तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला: घ्या, वापरा, चुका दिसल्या तर सुधारा, पैसे नकोत. बघता बघता कुठले कुठले छोटे दवाखाने, चीज करणारे, एक फुलवाला, असे लोक तो वापरायला लागले. नाव उच्चारताना सगळ्यांची बोबडी वळे, पण भोंगा वेळेवर वाजे.

अडचण होती ती मॅन्युअलच्या इंग्रजीची. पहिल्याच पानावर, सगळ्यात वर, पूर्णिमाने लिहिलं होतं: सेन्सर आधी मुठीत घट्ट धरा. भोंगा बोंबललाच पाहिजे. बोंबलला नाही तर पुढचं पान उलटू नका. औषधं वाया जातील आणि दोष तुमचा असेल. यावर एका परक्या माणसाने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, की प्रोग्राम छान आहे, पण मॅन्युअल अंगावर ओरडतं. पूर्णिमाला ते लागलं. शाळा मराठी माध्यमाची. कामापुरतं इंग्रजी तिने घोटून घोटून कमावलं होतं, पण आपलं इंग्रजी चारचौघांत शोभणारं नाही, ही टोचणी काही गेली नव्हती.

ही कुरकुर शेजारच्या मेव्हच्या कानावर गेली. मेव्ह म्हणजे कॅरिगलाइन गावच्या शाळेतली इंग्रजीची निवृत्त बाई. पूर्णिमाची शिफ्ट लांबली की तिची लेक सुरुची मेव्हकडेच जेवायची, गृहपाठ करायची. दिवाळीच्या चकल्यांपलीकडे या बाईने त्याबद्दल कधी काही घेतलं नाही. एवढा घरोबा, पण पूर्णिमाने तिला नावाने हाक अशी कधी मारलीच नव्हती. आईच्या वयाच्या बाईला नुसतं 'मेव्ह' म्हणायला जीभ रेटत नसे आणि 'काकू' म्हणावं तर तिला कळणार नाही. त्यामुळे सगळा कारभार 'अं, हॅलो' वर चाले.

"आण इकडे. मी बघते तुझं इंग्रजी," मेव्ह म्हणाली.

मग दर शनिवारी सकाळी मेव्हच्या स्वयंपाकघरात बैठक बसू लागली. मेव्हने खरोखर जीव ओतला. तिच्या हाताखालून गेलेलं पान वाचताना कुणीतरी शेजारी बसून समजावून सांगतंय असं वाटे. मात्र मेव्ह ज्या देशात वाढली तिथे कुणाला तोंडावर हुकूम सोडायची रीत नाही. खिडकी लावून हवी असेल तरी 'आज जरा गारवा आहे, नाही?' एवढंच म्हणतात आणि समोरच्याने उठायचं असतं. त्यामुळे ती मुठीची दटावणी मेव्हच्या डोळ्यांत खुपली. तिने ती पहिल्या पानावरून उचलली आणि शेवटच्या पानावर, 'आणखी काही सूचना' या मथळ्याखाली नेऊन ठेवली. सवड असेल तर सेन्सर एकदा हातात धरून पाहायलाही हरकत नाही, असं काहीतरी गोड लिहिलं.

"चालेल ना गं असं?" तिने विचारलं.

चालण्यासारखं नव्हतं. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर पूर्णिमाने कागद परत भिरकावला असता. पण इथे समोर सुरुचीला गरम जेवू घालणारी बाई होती, फुकट राबत होती, आणि विषय होता तिच्याच भाषेचा. इंग्रजीच्या बाईला इंग्रजी मजकुरात चूक दाखवायची म्हणजे काय! भीड ही भिकेची बहीण, हे पूर्णिमाला पाठ होतं. पण पाठ असलेलं वेळेला आठवतंच असं नाही.

"ग्रँड," ती म्हणाली. 'छान, चालेल' याला तिकडे असंच म्हणतात.

नवं मॅन्युअल इंटरनेटवर चढलं. कौतुकाचे निरोप आले. मॅन्युअल लिहिणारी म्हणून मेव्हचं नाव वर झळकलं. तिने ते पान छापून आपल्या फ्रीजवर चिकटवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागली.

पाऊस सरता सरता मावशीचा फोन आला. जुना सेन्सर बिघडला म्हणून तिने नवा आणला होता आणि नवं मॅन्युअल समोर ठेवून एकेक पान बघत जोडला होता. स्क्रीनवर आकडा दिसला, काम झालं. शेवटच्या पानापर्यंत जायची गरज तिला वाटली नाही. नव्या सेन्सरची वायर सैल होती. रात्रभर वीज गेली, फ्रीज तापला, आणि बॅटरीवर चाललेली लॅपटॉपची स्क्रीन आपली जुनाच गार आकडा दाखवत राहिली. सेन्सर मुठीत धरला असता तर हाताच्या उबेनेही आकडा हलत नाही, हे तेव्हाच कळलं असतं. सकाळी दुकान उघडल्यावर मावशीने इन्शुलिनच्या दोन बाटल्या विकल्याही. त्यातली एक जामसंड्याच्या स्वरांगीसाठी होती, नऊ वर्षांची पोर. मग फ्रीजमधल्या बर्फाच्या पिशव्या हाताला मऊ लागल्या, तेव्हा मावशीला कळलं. रिक्षा करून ती दोन्ही घरी धावली.

"पोरीक सुई टोचूच्या आधी पोचलंय गो," मावशी म्हणाली. सगळा माल तिने फेकून दिला होता. ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "तुज्या जुन्या पुस्तकात पयलीच दटावणी आसायची. नव्यात कोणी दटावूकच नाय."

पूर्णिमाला त्या क्षणी स्वतःचीच शिसारी आली.

"गुपचूप बदलून टाक ना," तिचा नवरा इंद्रनील म्हणाला. "मेव्हकाकूंना कशाला सांगायचं? उगाच वाईट वाटेल."

"गुपचूप कसं? एक शब्द हलला तरी त्यांना ईमेल जाते. कुणी बदललं, काय बदललं, का बदललं, सगळं उघडं असतं."

हा उघडेपणाच तर पूर्णिमाला आवडत असे. आता भिडेला लपायला त्यात कोपराही सापडेना. बदलाचं कारण लिहायच्या जागी तिने 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहून पाहिलं. मग ते खोडलं, सेन्सर आणि लॅपटॉप उचलला आणि शेजारच्या दाराची बेल वाजवली.

तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मेव्हने पहिलं विचारलं, "ती मुलगी बरी आहे?"

"बरी आहे."

मेव्हने कपाट उघडून दोन कप काढले आणि तसेच परत आत ठेवले. "मी ती पायरी मागे नेली तेव्हा तुला माहीत होतं? की हे चूक आहे?"

"हो."

"आणि तू ग्रँड म्हणालीस."

"तुम्ही एवढं करत होतात. तुम्हाला कसं सांगायचं..."

"तोंडाने!" मेव्हचा आवाज चढला. दोन वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच. मग ती खुर्चीत बसली आणि तिचे कान लाल झाले. "मला ती मूठ कळलीच नव्हती गं. फ्रीजमधली वस्तू मुठीत कशाला धरायची? पण विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, म्हातारीला काही समजत नाही. म्हणून मागे ढकलली. मला वाटलं, महत्त्वाची असेल तर तू हरकत घेशीलच." तिने फ्रीजवरच्या त्या छापील पानाकडे बोट दाखवलं. "तुझ्यामाझ्या सभ्यपणापायी ते पोर गेलं असतं."

पूर्णिमाला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. मेव्हने तिची समजूतही काढली नाही.

"दे तो सेन्सर इकडे," ती म्हणाली.

पूर्णिमाने वायर जोडली. मेव्हने सेन्सर मुठीत धरला. थोड्याच वेळात लॅपटॉप असा बोंबलला की मेव्ह खुर्चीतून उठलीच आणि तिच्या तोंडून येशूचं नाव निघालं. मग तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि पहिल्या पानावर, सगळ्यात वर, स्वतः लिहिलं: सेन्सर मुठीत धरा. भोंगा वाजेपर्यंत पुढे जाऊ नका. का ते खाली दिलं आहे. व्याकरण चोख होतं आणि हुकूमही चोख होता.

बदलाचं कारण लिहायच्या जागी तिने लिहिलं, 'ही पायरी मला समजली नव्हती आणि न विचारता मी ती मागे नेली. मेव्ह.' त्याखाली पूर्णिमाने लिहिलं, 'मला चूक दिसली होती आणि मी गप्प बसले. पूर्णिमा.' दोन्ही ओळी सगळ्या जगाला दिसतील अशा तिथे लागल्या.

आता मेव्ह आपल्याला बोलावणार नाही, असं पूर्णिमाला वाटलं होतं. पण शनिवारी सकाळी नेहमीसारखा फोन आला. चहा झाला, आणि मेव्हने बॅटरीच्या पानावरचा एक परिच्छेद आपल्या पद्धतीने गोड करून वाचून दाखवला.

"चालेल?"

पूर्णिमाच्या जिभेवर सवयीने 'ग्रँड' आलं होतं. तिने ते गिळलं.

"नाही, मेव्ह. चुकलंय."

नाव तोंडातून गेलं तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. मेव्हने चष्मा नीट केला.

"ग्रँड," ती म्हणाली, आणि सगळा परिच्छेद पुसून टाकला. "आता सांग, काय करायचंच आहे?"