कमळाला सांगितलेला शेवट

दहावीची परीक्षा संपली आणि मैनाच्या हाती एक पुस्तक लागलं. शाळेच्या कपाटात ते बरीच वर्षं पडून होतं. कव्हर गेलेलं असल्यामुळे कुणी नेत नसे. कपाट सांभाळणाऱ्या बाईंनी ते मैनाला सुट्टीपुरतं दिलं आणि परत नाही आणलंस तरी चालेल, असंही वर सांगितलं. मैनाने ते एकदा वाचलं, लगेच पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं आणि मग आईला सांगितलं की आपण सगळे गुलाम आहोत.

आई, म्हणजे सखू, तेव्हा कुळीथ निवडत होती. तिने विचारलं, "कोणाचे?"

मैना उत्तरासाठी पुस्तकाची पानं उलटू लागली. तेव्हा सखूने तिला विहिरीवर पाठवलं.

पुस्तकात पुढच्या काळातला एक देश होता. तिथे 'मंडळ' म्हणून एक सरकार होतं. मुलं सोळा वर्षांची झाली की मंडळ त्यांना मैदानात उभं करी आणि भोंग्यावरून एकेकाचं नाव पुकारून सांगे, तू अमुक काम करायचं, अमुक शहरात राहायचं, अमक्याशी लग्न करायचं. तिथे कुणी नाही म्हणत नसे. फक्त रेवा नावाची एक मुलगी मनातल्या मनात नाही म्हणते, आणि तिथून ती गोष्ट सुरू होते.

मैनाला श्रावणात सोळा वर्षं पुरी होणार होती. पुस्तक वाचल्यापासून तिचं वागणं बदललं. देवळाच्या भोंग्यावरून डोस पाजण्याची सूचना झाली तेव्हा ती घरात जाऊन दार लावून बसली. डोस बारक्या पोरांचा होता, पण तिच्या मते मुद्दा तो नव्हता. रेशनच्या रांगेत उभी राहायला ती तयार होईना. रांगेत आपलं माणूसपण जातं, असं तिचं म्हणणं होतं. सखूने ते ऐकून घेतलं, साखर स्वतः आणली आणि आठवडाभर हिला कोरा चहा, तोही गुळाचा, दिला.

मे महिन्यात वाडीतल्या बायका रत्नागिरीला कॅनिंगच्या कारखान्यात जात. पिकलेल्या आंब्यांची सालं काढायची, बाठे वेगळे करायचे आणि गर टबात टाकायचा, असं काम. सकाळी टेम्पो फाट्यावर येई आणि संध्याकाळी आणून सोडी. त्या वर्षी सखूने मैनालाही बरोबर घेतलं. पोरगी घरात बसून आणखी काही वाचेल, ही भीती होतीच.

पहिले काही दिवस मैना कुणाशी बोलली नाही. चिकाने बोटांची सालं निघत होती, माश्या तोंडावर बसत होत्या आणि ती सुरी चालवत होती. समोर गोदूबाई बसे. वाडीतली सगळ्यांत जुनी बाई, कारखाना निघाल्यापासून येणारी. तिने सखूला विचारलं, पोरीला बरं नाही काय?

"पुस्तक वाचलंय," सखू म्हणाली. ताप आलाय म्हणून सांगावं तशी.

गोदूबाईने काळजीने मैनाकडे पाहिलं आणि काय होतं त्यात ते सांगायला लावलं. मैनालाही कुणीतरी विचारायलाच हवं होतं. तिने सुरुवातीपासून सांगायला घेतलं. मुकादम केरू मध्ये एकदा ओरडायला आला, पण हात चालू आहेत हे बघून तोही थोडा वेळ ऐकत उभा राहिला.

बायांना घाबरवायला मैनाला फार कष्ट पडले. मंडळ सगळ्यांना एकाच राखाडी रंगाचे कपडे घालायला लावतं, असं तिने सांगितलं, तर बायका म्हणाल्या, मळ दिसत नसेल. कुणाच्या घरात चूल नाही, सगळ्यांनी एकाच मोठ्या जेवणघरात मंडळ देईल ते खायचं, असं ती आवाज उतरवून म्हणाली.

"रांधतं कोण?" गोदूबाईने विचारलं.

"मंडळाने नेमलेली माणसं."

"बाप्येसुद्धा?"

"बाप्येसुद्धा."

गोदूबाईने सुरी खाली ठेवली. शेडमधल्या बाकीच्या सुऱ्याही थांबल्या. मैनाला वाटलं, आता कुठे त्यांना कळायला लागलंय.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांत भयंकर भाग काढला. हे वाचताना तिच्या स्वतःच्या अंगावर काटा आला होता. मंडळ रेवाचं लग्न लावतं आणि तिच्या नवऱ्याला दूरच्या शहरात कामाला पाठवतं. मध्ये मोठी भिंत. नवराबायकोने भेटायचं वर्षातून दोनदा, तेही थोड्या दिवसांपुरतं, मंडळाने पास दिला तर. बाकीचं वर्षभर तिने इकडे राबायचं आणि त्याने तिकडे.

बायकांच्या सुऱ्या चालूच राहिल्या. फक्त कमळाने मान वर केली. कमळा येसूबाईची सून. लग्न होऊन तिला तीन पावसाळे झाले होते, पदरात एक मुलगी होती. नवरा लवू मुंबईला छापखान्यात. तो शिमग्याला येई आणि गणपतीला येई.

"दोनदा?" कमळाने विचारलं.

"दोनदाच," मैना म्हणाली.

"आणि गाडीभाडं?"

"ते मंडळ देतं."

कमळाने मान खाली घातली. मैना पुढचं वाक्य बोलायला गेली आणि अडखळली. शेडमधल्या बायका तिने एकेक करून पाहिल्या. मग तिने आईकडे पाहिलं. तिचा बाप भागोजी ती जन्मायच्या आधीपासून मुंबईला होता. पुस्तक दोनदा वाचूनही हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सखू शांतपणे बाठा पिळत होती.

"पुढं सांग गो," गोदूबाई म्हणाली. "थांबलंस कशाला?"

पुढचं सांगता सांगता संध्याकाळ झाली. रेवा पळते, गटारातून सरपटत भिंतीपलीकडे जाते, नवऱ्याचं दार शोधून काढते आणि ठोठावते. इथे टेम्पोचा हॉर्न वाजला आणि शेवट उद्यावर गेला.

पुस्तकातला शेवट मैनाला पाठ होता. नवरा दार उघडतो. रेवाला आत घेतो, बसवतो, प्यायला पाणी देतो. मग बाहेर जातो आणि मंडळाला कळवतो. शेवटच्या पानावर रेवा पुन्हा त्याच मैदानात उभी असते. मैना या पानावर दोन्ही वेळा रडली होती.

सकाळी शेडमध्ये आली तर कमळाने आपली जागा बदललेली. ती मैनाच्या शेजारी येऊन बसली होती आणि मैनाच्या वाटचा आंब्यांचा क्रेटही तिनेच ओढून आणला होता.

"दार उघडलंन काय त्याने?" तिने विचारलं.

"उघडलंन."

"ओळखलंन?"

मैनाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ओळखलंन. हात धरून आत घेतलंन. जेवायला वाढलंन."

"आणि मंडळ?"

"मंडळाला कळलंच नाही. दोघं तिथेच राहिली."

पुस्तक चांगलं आहे, असा गोदूबाईने निकाल दिला. दुपारी मैनाला थोडं लागून राहिलं, पण खरा शेवट सांगून उपयोग काय झाला असता, असंही तिला वाटलं. तिने स्वतःची समजूत घातली की एवढं मंडळाविरुद्ध लिहिलेलं पुस्तक, त्यातल्या एका पानाविरुद्ध आपण गेलो तर लिहिणाऱ्याला राग यायचं कारण नाही.

पुढच्या सोमवारी कमळा टेम्पोला आली नाही. दुपारपर्यंत बातमी शेडमध्ये पोचली. मुलीला काखेत मारून ती पहाटेच्या एस्टीने मुंबईला गेली होती. सासूला उंबऱ्यातून एवढंच म्हणाली होती, ह्यांना बघून येते.

संध्याकाळी मैना आणि सखू घरी आल्या तर येसूबाई दारापुढच्या खळ्यात बसलेली. ती बरीच म्हातारी होती, पण पाठ ताठ. बसण्यावरूनच कळत होतं की ती उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही.

"काय सांगितलंस तिला?" तिने विचारलं.

मैनाने सांगायचा प्रयत्न केला की ती नुसती गोष्ट होती. मग तीच सांग, येसूबाई म्हणाली. पहिल्यापासून. मैनाला उभ्यानेच सगळं सांगावं लागलं. मंडळ, मैदान, राखाडी कपडे, जेवणघर. येसूबाईने जेवणघरावर काही विचारलं नाही. दोनदा भेटण्याचा भाग आला तेव्हा तिने तंबाखूची चंची काढली, पण उघडली नाही. तिचा नवरा जन्मभर बोटीवर खलाशी होता. त्याला तर दोनदाही जमत नसे.

रेवा दार ठोठावते तिथपर्यंत मैना आली आणि थांबली. मग तिने दोन्ही शेवट सांगितले. कमळाला सांगितलेला आधी, पुस्तकातला नंतर. आणि आपणच तो बदलला, हेही सांगितलं.

सखूने कपाळावर हात मारला. येसूबाई मात्र खळ्यातलं निघालेलं सारवण अंगठ्याने दाबत बसली.

"माझा लवू तसा नाय," ती शेवटी म्हणाली.

"नसेलच," सखू म्हणाली.

येसूबाईने चंची न उघडताच परत कमरेला खोचली.

"त्याचा बापूस तसा होता," येसूबाई म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः एस्टीत बसली. ती याआधी चिपळूणच्या पुढे गेलेली नव्हती. निघताना तिने घराची किल्ली सखूकडे दिली आणि म्हशीचा दोर मैनाच्या हातात. "पुस्तक तू वाचलंस," ती म्हणाली. "म्हशीला तू बघ."

म्हैस येसूबाईशिवाय कुणाला कासेजवळ येऊ देत नसे. पहिल्या दिवशी तिने चरवी उडवली, दुसऱ्या दिवशी मैनाला. मग गोदूबाईने तोड सांगितली. मैनाने येसूबाईचं दांडीवरचं लुगडं अंगाभोवती गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि खाली बसली. म्हशीने वास घेतला आणि पाय रोवून उभी राहिली. तेव्हापासून मैना रोज सकाळ-संध्याकाळ ते लुगडं नेसून धार काढू लागली. वाडीतले लोक वाटेवरून जाताना तिला येसूकाकी म्हणून हाक मारत. माणसाने नेमून दिलेलं काम का करावं, यावर तिचे विचार अजून पक्के होते. ते मांडायला वेळ तेवढा मिळेना.

सखू या सगळ्याबद्दल लेकीला एका शब्दानेही बोलली नाही. एकदाच, चुलीपाशी, मैनाने विचारलं की तुला नाही का वाटत मुंबईला जावंसं. सखूने विचार केला. भाकरी उलटली.

"आधी वाटायचं," ती म्हणाली. "आता तिकडे गेले तर रोज दोन वेळा जेवायला घालावं लागेल त्यांना."

लावणीच्या तोंडावर सगळी परत आली. कमळा, मुलगी, येसूबाई आणि रजा घेऊन लवूही. तिकडे काय झालं ते येसूबाईने खळ्यात बसून सांगितलं आणि वाडीने ऐकलं. लवू राहायचा त्या खोलीत वाडीतलेच दहा-बारा जण होते. कमळा पोचली तेव्हा लवू कामावर होता. खोलीतल्या एकाने तिला बसवलं, पाणी दिलं आणि काही न बोलता तो बाहेर पडला. तो लवूला आणायला गेला होता. कमळाला मैनाचाच शेवट ठाऊक, त्यामुळे ती मुळीच घाबरली नाही. मग सगळे बाप्ये गॅलरीत झोपायला गेले आणि खोलीत कमळा रांधू लागली. चार दिवसांनी त्यांना विचारलं असतं तर त्यांनी तिला जाऊ दिलं नसतं. पण तसं किती दिवस चालणार? शेवटी लवूच्या छापखान्यातल्या एकाने भांडुपला आपल्या खोलीत पडदा लावून अर्धी जागा दिली. लावणी आटपली की कमळा परत तिथे जाणार होती, आणि या वेळी राहायला. येसूबाई जाणार नव्हती. मुंबईत पाणी पहाटे येतं आणि बघता बघता जातं, आणि कुणी कुणाला विचारत नाही की कुठे चाललंस. तिला ते पटलं नव्हतं.

शेतं लावून झाली. निघण्याच्या दिवशी मैना कमळाची पिशवी घेऊन फाट्यापर्यंत गेली. लवू मुलीला खांद्यावर घेऊन पुढे चालत होता. मैनाने सारं मनात जुळवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "कमळावयनी, त्या पुस्तकाचा शेवट..."

"ठाव आहे," कमळा म्हणाली. "आत्याबाईंनी तिकडे आल्या आल्या सांगितलान. सगळ्यांच्या समोर."

मैनाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. थोडं चालल्यावर तिने विचारलं, "राग आला काय?"

"मी ह्यांना विचारलं," कमळा म्हणाली. "तुम्ही असतात तर काय केलं असतंत, मंडळाला कळवलं असतंत?"

"मग?"

"म्हणाले, आधी जेव, मग सांगतो. जेवलो. नि हे झोपले."

"नंतर नाही सांगितलं?"

"नाय. मी पण परत विचारलं नाय."

वळणावर गाडी दिसली. लवूने हात केला, तशी कमळाने मैनाच्या हातातली पिशवी घेतली आणि पदर खोचून भरभर चालू लागली. खिडकीजवळची जागा मिळाली तिला. मुलीला मांडीवर घेऊन ती तिला काहीतरी सांगत होती, पण काच बंद होती आणि गाडी चालू झाली होती, त्यामुळे मैनाला त्यातलं काही ऐकू आलं नाही.