डावखुरा नाही

डावा

पाच महिन्यांच्या अद्दूनं डाव्या हातानं आजोबांचा चष्मा ओढला, तेव्हा पुरुषोत्तमरावांनी निम्म्या नागपूरला फोन लावले. डावखुरा आहे लेकाचा! माझ्यावर गेला!

उजवा

मूठ. बंद. अंगठा आत.
तिकडे कुणी पाहिलंच नाही.

डावा

मग तपासण्या. जन्माच्या आसपास कधीतरी मेंदूच्या एका भागाला रक्त पोचलं नव्हतं. भूमिका नावाची कानडी थेरपिस्ट मुलाच्या सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये येऊन चटईवर मांडी घालून बसली. "अंकल, इतक्या लहानपणी कुणी डावखुरा नसतो. उजवा चालत नाही, म्हणून डावा एकटा राबतोय."

तिनं सांगितलं: रोज अर्धा तास खेळ, चांगल्या हातावर पायातला मोजा चढवून, म्हणजे उजव्याला कामाला लागावं लागेल. खेळणी उजवीकडे. थोडी कुरकुर चालेल, फारच रडला तर खेळ बदला. पण आत्ताच, मेंदू शिकतोय तोवर.

मुलगा मकरंद बेळ्ळंदूरच्या ऑफिसात. सून सुखदा बंद दाराआड मीटिंगमध्ये. म्हणजे अर्धा तास आजोबांचा.

मोजा चढवला की अद्दू ओठ काढायचा. मग टाहो. आणि पुरुषोत्तमरावांना तिसरीचा वर्ग दिसायचा. डाव्या हातानं लिहितो म्हणून मास्तरांनी मनगट बाकाला बांधलेलं, पायजम्याच्या नाडीनं. सगळा वर्ग हसतोय.

मोजा निघायचा. दाराची कडी वाजली की परत चढायचा.

"झालं का, बाबा?"

"झालं."

उजवा

मूठ. अजून बंद.

डावा

भूमिकानं सोमवारी मूठ हळूच उलगडून पाहिली. "रोज करताय ना?"

"रोज. बाबा करतात," सुखदा म्हणाली.

पुरुषोत्तमराव बाल्कनीतल्या तुळशीकडे बघत राहिले.

"मग याला हे लागू पडत नसेल. एक आठवडा अजून बघू, स्वल्प थांबू. नाही तर बंद करू."

बंद. ती गेली, लिफ्टचं दार लागलं, तरी तो शब्द घरात फिरत राहिला. ते उठले, बसले, पाणी प्यायले, परत उठले. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"सुखदा. मी काढत होतो मोजा."

कुकरचं झाकण तिच्या हातात तसंच राहिलं. "रोज?"

"रोज. मले ती नाडी दिसते ना."

"कसली नाडी?"

सांगितली. तिनं झाकण ओट्यावर आपटलं. "तुमचा हात चालत होता, बाबा! ह्याचा चालत नाहीये!" लॅपटॉप टुणटुणला. ती डोळे पुसत वळली. "एवढंच वाटतं तर तुम्हीपण घाला मोजा. बसा दोघं रडत."

उजवा

म्हणून घातला. मकरंदचा ऑफिसचा काळा मोजा, डाव्या हातावर. अद्दूच्या हातावर त्याचा पिवळा. चटईवर दोघं समोरासमोर. मध्ये पालथी वाटी.

"हं. बघू कोण जास्त येडा आहे ते."

उजव्या हातानं चमचा उचलला. वाटीवर मारायचा होता, गुडघ्यावर बसला. दुसऱ्यांदा हातातून निसटून सोफ्याखाली. ओठ काढू पाहणारा अद्दू थांबला. मग खदखदून हसला.

"हसतो काय बे! तू वाजवून दाखव!"

अद्दूनं पिवळा हात पुढे केला. मोजा वाटीवरून घसरला. कुरकुर. पुरुषोत्तमरावांचा हात आपसूक त्या मोज्याकडे गेला आणि मध्येच अडला, कारण त्याच्यावरही मोजाच होता. लोंबणारं काळं टोक अद्दूच्या उजव्या मुठीशी हललं.

मूठ हलली.

खांद्यापासून, लाकडासारखी, वाकडीतिकडी, पुढे. अंगठा बाहेर. दोन बोटं सैल, आणि टोक त्यांच्यात. मग हात मागे गेला आणि काळा मोजा सरसर निघून त्याच्याबरोबर गेला.

त्यानं ओढला? की नुसता अडकला?

दाराआड सुखदा कुणाला तरी आकडे समजावत होती. हाक मारता येईना. पुरुषोत्तमरावांचा डावा हात हवेत तसाच, मोकळा. त्यांनी चोरट्यासारखं दाराकडे पाहिलं, मग अद्दूकडे. छोट्या बोटांतून काळा मोजा अलगद सोडवून घेतला, परत स्वतःच्या हातावर चढवला, टोक लोंबतं ठेवलं आणि हात त्याच्या उजवीकडे नेला.

"अजून एकदा, बापा. ओढ."