फुगणारा तळहात

"अहो ताई, कोपर आवरा. दर्शन बाबांचं घ्यायचंय, माझ्या बरगड्यांचं नाही," शेजारच्या खुर्चीतल्या बाई कुरकुरल्या.

थोरलीने कोपर आवरलं, पण डोकं आवरणं तिला जमेना. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, आणि बसली होती कुठे, तर भाड्याच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर, दृष्टीबाबांच्या बैठकीला. "एकदा डोळ्यांनी बघ, मग बोल," असं म्हणून आईने ओढत आणलं होतं.

व्यासपीठावर एक शिष्य भलंमोठं चाक हाताने फिरवत होता. चाकावर गोगलगाईच्या पाठीवर असते तशी काळी वळणदार रेघ. फिरताना ती आत आत ओढली जातेय असं वाटे.

"मधल्या ठिपक्यावरून नजर हलवू नका," बाबांचा आवाज मधात बुडवून काढलेला. "नजर हलली की कृपा सांडली! हं, भरू द्या, काठोकाठ भरू द्या..."

कृपा न्यायला जणू सगळे बादल्या घेऊनच आले होते.

"आता बघा माझ्या हाताकडे!"

चाक थांबलं. बाबांनी तळहात वर केला, आणि तो फुगू लागला. बोटं, मनगट, सगळंच पसरत समोर येत होतं. थोरलीलाही ते दिसलं. हॉलभर "आई गं!" उठलं. कुणी रडू लागलं.

"हात वाढताना दिसला, त्याची दृष्टी जागी झाली! आता सुई नको, किरण नको. बैठका संपेपर्यंत डोळ्याला डॉक्टरचा हात लागू द्यायचा नाही."

आईने थोरलीचं मनगट दाबलं. "दिसलं गं मला! स्वच्छ दिसलं!"

थोरली ताडकन उठली. "महाराज, चाक एकदा उलटं फिरवा ना!"

शिष्याचा हात थबकला. बाबा मात्र मुरलेले. "बाळ, चाक उलटं फिरलं तर कृपाही उलटते. एवढ्या लोकांचं वाटोळं करायचंय का तुला?"

"बसा हो खाली," बरगडीवाल्या बाई फिस्कारल्या. "फार शिकलं की असं होतं."

वाटोळं कुणाचं होणार होतं, ते थोरलीला चांगलंच ठाऊक होतं. आईच्या रक्तातल्या साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्ले होते. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला आणि धाकट्या भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "उजव्याची आशा फारशी नाही. डावा वाचवायचा तर लेझर लगेच हवं." त्यातलं लेझर तेवढं आईपर्यंत पोचलं. उजव्याचं घरात कुणीच उच्चारलं नाही. लेझरची वेळ उद्या सकाळची होती.

हॉलमधून दोघी थेट लाँड्रीत आल्या. दुकान आईनेच उभं केलेलं. आता धाकटा इस्त्री करी आणि वहिनी बटणं लावी. आई कपडे जुळवून घड्या घालायची. हल्ली वहिनी त्या घड्या आईच्या पाठीमागे गुपचूप मोडून पुन्हा घालत असे, कारण काळा मोजा निळ्याशी जोडलेला असे.

थोरलीने पुठ्ठ्याचा गोल कापला, त्यावर तशीच रेघ काढली आणि तो शिलाई मशीनच्या चाकाच्या आऱ्यांना दाभणाच्या टाक्यांनी बसवला.

"आई, ठिपक्याकडे बघ." तिने चाक फिरवलं, थांबवलं, आणि आपला तळहात धरला.

"अगंबाई, फुगला की!"

"आता उलटं फिरवते."

"ई! आक्रसला!" आई हसली. "तुझा हात वाळला गं."

वहिनी आणि धाकटाही वाकून बघू लागले. थोरलीला हुरूप आला.

"डोळ्याच्या मागच्या पडद्यात काही पेशी फक्त दिशा ओळखतात. समज, एक पेशी डावीकडून उजवीकडे काही गेलं तरच ओरडते. उलट दिशेने आलं, की शेजारीण आधीच तिचं तोंड दाबून धरते. सुलट आलं, तर शेजारणीचा हात पोचायला उशीर होतो, तोवर ही ओरडून मोकळी. पुढे मेंदूतही अशाच दिशा ओळखणाऱ्या पेशी असतात. एकाच दिशेकडे खूप वेळ बघितलं, की माणसाच्या मेंदूतल्या त्या दिशेच्या पेशी दमतात. मग समोर काही हलत नसलं, तरी उलट्या दिशेवाल्यांचाच आवाज मोठा होतो. म्हणून हात फुगतो."

"म्हणजे सासू दमली, की सुनेचा आवाज ऐकू येतो," आई म्हणाली.

वहिनी फिस्सकन हसली. थोरलीही हसली. पटलं एकदाचं!

"मग उद्या जायचं ना?"

"बैठका संपू देत."

"आई! आत्ताच बघितलंस ना?"

"इथे दिसलं ते तुझ्या पेशींचं. तिथे दिसली ती कृपा. दोन्ही असेल की खरं."

थोरलीला पुठ्ठा टराटरा फाडावासा वाटला. वर्गात समजेना त्याला पुन्हा सांगता येतं. समजून वर मान हलवणाऱ्याला काय सांगायचं?

"जाऊ दे ना ताई," धाकटा इस्त्रीत तोंड खुपसून म्हणाला. "तिला बरं वाटतंय."

"बरं वाटतंय! म्हणून डोळा घालवायचा? मी म्हणते म्हणूनही ऐकू नका. पण बाबाला विचारा तरी, चाक उलटं का फिरवत नाहीस! जो खरं सांगतो, तो तपासू देतो. एवढंच बघा, दुसरं काही मागत नाही मी!"

थोरलीने ओढणी सावरली.

"बरं. तुझ्या बाबांचीच परीक्षा घेऊ. हात फुगलेला दिसला की डोळा जागा. मग एकेक डोळा बघू. डावा झाक."

"कशाला उगीच..."

"झाक."

आईने पदराने डावा डोळा दाबला. चाक फिरलं, थांबलं.

"काय दिसतंय?"

"फुगला," आई घाईने म्हणाली. "मघासारखाच. चांगला मोठा झालाय."

थोरलीचे दोन्ही हात पाठीमागे होते.

वहिनीच्या बोटांतलं बटण फरशीवर पडलं. धाकट्याने इस्त्री उभी केली. थोरलीला वाटलं, जिंकण्याइतकं वाईट काही नसतं. चाकाबद्दल आता तिला एक शब्दही बोलवेना.

आईने पदर खाली घेतला नाही. झाकल्या डोळ्यानेच ती समोर बघत राहिली, जिथे मुलगी उभी असावी तिथे.

"गप्प का झालात? हात नव्हता ना?"

थोरलीने पाठीमागचे हात पुढे घेतले.

"उजवा गेलाय माझा," आई म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. आणि डावाही जाईल, या भीतीने मी त्या बाबाकडे जाते."