न चाखलेलं सूप

गारखेड्यातल्या त्या फ्लॅटमध्ये तीस वर्षांत अंडंसुद्धा शिरलं नव्हतं, आणि आज पद्मजाबाई गॅलरीत जुन्या शेगडीवर सॉसेज परतत होत्या. केमोनं मुकुंदरावांची अन्नावरची वासनाच उडाली होती. आठ दिवसांत पहिल्यांदाच काल ते आपणहून म्हणाले, "केयूरकडं जर्मनीत खाल्लं होतं ना, ते सूप मिळालं तर चार घास जातील."

लेकानं फोनवर कृती सांगितली. पद्मजाबाईंनी नाकाला पदर लावून टोमॅटो घातले, पास्ता शिजवला, आणि वरणाला घालतात तसं अंदाजानं मीठ टाकलं. चाखायचा प्रश्नच नव्हता. जन्मभर न चाखता नैवेद्य रांधलेला हात तो!

पहिल्याच चमच्याला मुकुंदरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं तोंड फोडांनी भरलेलं.

"खारट झालं?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. सॉसेज मुळातच खारट असतं, हे या घरात कोणाला ठाऊक असणार?

पद्मजाबाईंनी सुपात पाणी वाढवलं, बटाटा टाकला. आता अंदाजावर भरवसा उरला नव्हता. देवघराकडं पाठ करून त्यांनी चमचा तोंडात घातला आणि गिळला. पुन्हा पाणी, पुन्हा चमचा. चौथ्यांदा जमलं.

"अहो, घ्या. मी स्वतः चाखलंय."

"तू?" ते हसले. "बाटलीस की गं!"

"बाटले. आता तोंड उघडा."

त्यांनी उघडलं. पण घास गळ्याखाली उतरेना, सूप हनुवटीवरून ओघळलं.

"झकास झालंय," ते म्हणाले आणि भिंतीकडं वळले. त्यानंतर त्यांनी खायला काही मागितलं नाही.